हेडलाइटचा उजेड कमी झालाय? बल्ब बदलण्याआधी काच बघा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की जयसिंगपूरच्या आसपासचे रस्ते रात्रीही जागे असतात. शिरोळचा दत्त, टाकळीवाडीचा गुरुदत्त, हुपरीचा जवाहर अशा कारखान्यांकडे ट्रॅक्टर निघालेले असतात, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला. पुढे ट्रॉली आहे हे कारचालकाला कळतं ते स्वतःच्या हेडलाइटमुळेच.

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तिथेच २५ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे ४५ मीटरच्या अलीकडे दिसलेली ट्रॉली दिसून फारसा उपयोग नाही.

उजेड कमी पडतोय असं वाटलं, की बहुतेक जण जास्त वॉटचा बल्ब टाकून मोकळे होतात. इथेच चूक होते. जुन्या गाड्यांत बहुधा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा एच-४ असतो, आणि वायरिंग, होल्डर, रिफ्लेक्टर हे सगळं तेवढीच उष्णता सोसेल असं बनवलेलं असतं. १००/९० वॉटचा बल्ब लावला तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळा पडतो. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये स्वस्तातला एलईडी बसवला तर प्रकाश हवा तिथे न पडता विखुरतो. गाडीसमोर लख्ख दिसतं, लांबचं दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

खरा दोष बऱ्याचदा काचेत असतो. काच म्हणायची सवय आहे म्हणून. हल्लीच्या गाड्यांत ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. हे घरी साफ करता येतं. आधी काच धुवून भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग १००० नंबरचा वॉटर पेपर भिजवून घासा, त्यानंतर १५०० आणि शेवटी २००० नंबरचा. काच सतत ओली ठेवा. या टप्प्यावर ती आधीपेक्षाही पांढुरकी दिसते. घाबरू नका, पॉलिशिंग कंपाउंडने चोळल्यावर ती उजळते. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा कोटिंगचा थर मात्र द्यायलाच हवा. तो टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. व्हिडिओंमधल्या टूथपेस्टच्या युक्तीचंही तेच होतं: चार दिवस चकाकी, मग पहिले पाढे पंचावन्न.

बल्ब खरंच गेला असेल, तर तोही घरी बदलता येतो. इंजिन बंद करून किल्ली काढा आणि वीसेक मिनिटं थांबा, कारण हॅलोजन बल्ब चांगलाच भाजतो. तापलेल्या इंजिनचा रेडिएटर पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात त्यापासून लांब ठेवा. मागचा कपलर ओढा, रबरी कव्हर काढा, स्प्रिंगची क्लिप सोडवा आणि जुना बल्ब कसा बसला होता ते बघून त्याच खाचांत नवा बसवा. त्याच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका. त्वचेचं तेल काचेवर राहिलं, की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून कोरडा करा. गाडीत एचआयडी दिवे असतील तर मात्र हात घालू नका. ते पेटताना हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. कारखान्यातूनच आलेल्या एलईडी हेडलाइटमध्ये तर बहुतेकदा बदलायला सुटा बल्बच नसतो.

काच तडकली असेल तर पारदर्शक टेप गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती. पावसाळ्यात आत थोडी वाफ धरणं आणि दिवा लावल्यावर ती जाणं यात बिघड काही नाही. पण आत पाणी साचलं असेल, तर रिफ्लेक्टरचा चकचकीत थर खराब होतो आणि मग पूर्ण हेडलाइट बदलणंच बरं. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता. तशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे दिवे नुसते वाळवून भागत नाही, कारण गाळ आतच राहतो.

पूर्ण हेडलाइट काढण्याआधी एक काम विसरू नका. सपाट जागी, भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करा आणि डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखून ठेवा. नवा दिवा बसवल्यावर गाडी त्याच जागी आणा आणि मागचा स्क्रू फिरवून उजेड त्या खुणेवर आणा. तेव्हा डॅशबोर्डवरचा उंची बदलणारा नॉब शून्यावर हवा. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं, की गाडीचं नाक वर उठतं. तो नॉब त्यासाठीच दिलेला असतो.