हवेची कढई

सोलापूरच्या बाजारांत विजेच्या उपकरणांच्या दुकानांवरून जातां-येतां अलीकडे एक गोलसर यंत्र मांडलेलें दिसतें. त्याच्या पोटांत खणासारखी ओढावयाची एक टोपली असते. ह्या यंत्रास 'एअर फ्रायर' म्हणतात. ह्यांत तेलाचा थेंबही न घालतां सर्व कांहीं तळून निघतें, असें दुकानदार सांगतो. मुलें आग्रह करितात, आजी शंका काढिते, आणि वडील किमतीची चिठ्ठी पाहून गप्प बसतात. तेव्हां हें यंत्र काय आहे, तें कोणीं घ्यावें व कोणीं घेऊं नये, आणि घेतल्यास तें कसें वापरावें, ह्याचा शांतपणें विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'फ्रायर' म्हणजे तळणारा. परंतु खरें पाहतां हें यंत्र तळीत नाहीं, तें भाजतें. उष्णता तीन रीतींनीं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाते, हें आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकलेच आहेत : वहन, अभिसरण आणि प्रारण. तव्यावरची भाकरी वहनानें भाजते; तीच निखाऱ्यापुढें उभी धरली म्हणजे प्रारणानें फुगते; आणि पातेल्यांतील पाणी अभिसरणानें तापतें. ह्या यंत्रांत अभिसरणावर भर आहे. वरच्या बाजूस विजेच्या तारेचें वेटोळें तापतें, त्याच्याजवळचा पंखा तापलेली हवा वेगानें फिरवितो, आणि ती हवा टोपलीच्या जाळींतून पदार्थाच्या वरून, खालून व चोहोंबाजूंनीं वाहते. म्हणजे ही एक लहान, बंद आणि वारा घालणारी भट्टीच होय.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास विल्यम मॅक्सन नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें विमानांत गोठविलेलें अन्न गरम करण्यासाठीं पंखा असलेली एक लहान भट्टी तयार केली होती. पुढें पंख्याच्या भट्ट्या पाश्चात्य घरांत रुळल्या. आजचें छोटें यंत्र मात्र २०१० सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडलें. त्यामागील युक्ति फ्रेड व्हॅन डर व्हे ह्या डच संशोधकाची होती. त्यानंतर कांहीं वर्षांतच तें आपल्या देशांतील घरांपर्यंत पोहोंचलें.

आतां तेल आणि हवा ह्यांतील भेद समजून घेणें अवश्य आहे, कारण सर्व यशापयश त्यावरच अवलंबून आहे. तापल्या भट्टीच्या तोंडाशीं हात क्षणभर नेला तरी तो लगेच भाजत नाहीं. परंतु तितक्याच किंवा त्याहून कमी उष्ण तेलाचा एक थेंब अंगावर उडाला कीं फोड येतो. ह्याचें कारण असें कीं, तेल दाट असल्यामुळें आपली उष्णता फार लवकर देतें, व हवा विरळ असल्यामुळें हळूहळू देते. पंखा ही उणीव पुष्कळशी भरून काढितो, तथापि पूर्ण नाहीं. म्हणून ओलें पीठ कढईंत पडतांच त्याचें वरचें कवच बांधलें जातें. टोपलींत मात्र तें पीठ घट्ट होण्यापूर्वींच जाळींतून खालीं गळूं लागतें. कांदाभजीं, बटाटेवडा, जिलेबी आणि पुरी हे कढईचेच पदार्थ आहेत. पालकाच्या भज्यांची आशा धरून जो कोणी हें यंत्र घेईल, त्याची निराशा ठरलेली आहे.

मग लाभ तो कोणता ? तळतांना पदार्थांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते, व पदार्थ कढईंतून काढून निवूं लागला म्हणजे वरचें तेल त्या रिकाम्या छिद्रांत शिरतें. बटाट्याच्या वेफर्समध्यें वजनाच्या सुमारें एक तृतीयांश भाग तेलाचाच असतो. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ उष्मांक मिळतात. म्हणजे एक मोठा चमचाभर तेल, सुमारें १४ ग्रॅम, हें १२५ उष्मांकांच्या आसपास जातें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनांत २००० उष्मांकांच्या दैनिक आहारांत तेल-तुपाचें प्रमाण सुमारें २७ ग्रॅम धरिलें आहे. हे दोन चमचे सकाळच्या फोडणींतच बहुधा संपतात, हें प्रत्येक गृहिणी जाणते. ह्या यंत्रांत चार माणसांच्या पदार्थास एखाद-दुसरा चहाचा चमचा तेल पुरतें.

दुसरा लाभ उरलेल्या तेलाचा. सणाच्या तळणानंतर कढईंत राहिलेलें तेल टाकून देणें जिवावर येतें, आणि तेंच पुनः पुनः तापविलें जातें. अशा तेलांत अपायकारक द्रव्यें वाढत जातात. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थांच्या व्यवसायांत तळणीच्या तेलांतील अशा विशिष्ट संयुगांस शेंकडा २५ ही मर्यादा घालून दिली. घरांत अशी तपासणी कोण करणार ? जेथें तेल उरतच नाहीं, तेथें हा प्रश्नही उरत नाहीं. शिवाय उकळत्या तेलाची कढई लवंडण्याचें भय नाहींसें होतें. ज्या घरांत रांगतें मूल आहे, तेथें हें थोडकें नव्हे.

आमच्या सोलापुराकडील स्वयंपाकांत ह्या यंत्राचे कांहीं उपयोग विशेष चांगले आहेत. शेंगाचटणीसाठीं शेंगदाणे भाजणें हें किती जिकिरीचें काम ! मंद आंचेवर सतत हलवीत राहावें लागतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हां पारा चाळिसाच्या वर असतो, तेव्हां शेगडीपाशीं उभें राहणें म्हणजे शिक्षाच. टोपलींत १६० अंशांवर दाणे दहा-बारा मिनिटांत सारखे भाजून निघतात. मधून दोनदां टोपली हलविली म्हणजे झालें. शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेलाचाच असल्यामुळें वेगळें तेल नको. मात्र फार वेळ ठेविल्यास सालें सुटून वाऱ्याबरोबर वर उडतात, म्हणून रंग बदलतांच दाणे बाहेर काढून पसरावे. चटणी मात्र उखळांतच कुटावी. दाण्याचें तेल सुटून चटणीस जी चव येते, ती कोणत्याही टोपलीच्या हातची नाहीं.

भरितासाठीं वांग्यास टोंचे मारून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटें ठेवावें. तें आंतून मऊ होतें. धुराचा वास हवा असल्यास भरितांत वाटी ठेवून निखाऱ्यावर तुपाचा थेंब सोडावा व झांकण घालावें. उकडून घेतलेल्या कोथिंबिरीच्या व अळूच्या वड्या ह्या यंत्रासाठींच जणूं निर्माण झाल्या आहेत : त्या आधींच शिजलेल्या असतात, त्यांस फक्त कुरकुरीतपणा हवा असतो, आणि तो १८० अंशांवर दहा-बारा मिनिटांत येतो. साबुदाण्याचे वडे चपटे करून, दोन्ही अंगांस तेल लावून बरे होतात. करंजी आणि शंकरपाळे तळण्याऐवजीं भाजून निघतात. चव वेगळी लागते, वाईट लागत नाहीं. दहीं-मसाल्यांत मुरविलेले कोंबडीचे तुकडेही उत्तम भाजतात; परंतु जाड तुकडा चिरून आंत गुलाबी रंग राहिला नाहीं, हें पाहिल्यावांचून मुलांस वाढूं नये. शिळी भाकरी १५० अंशांवर पांच-सहा मिनिटें ठेविली म्हणजे खुसखुशीत होते. तथापि आपल्या पातळ कडक भाकरीची बरोबरी ती करूं शकत नाहीं.

यंत्र निवडतांना पहिली चूक होते ती लिटरांच्या आंकड्यावर भुलून. चार माणसांच्या घरास चार-पांच लिटरांचें यंत्र साधारणतः पुरतें, हें खरें; पण पदार्थ एकाच थरांत पसरावयाचा असल्यामुळें टोपलीची खोली नव्हे, तिच्या तळाची रुंदी महत्त्वाची आहे. दुकानांत टोपली बाहेर ओढून तिच्या तळाशीं आपल्या घरचीं किती वांगीं किंवा किती वड्या मावतील, हें डोळ्यांनीं पाहावें. दुसरें, टोपलीचा लेप. तो ओरखडे न गेलेला, सारखा असावा. आणि सुटी टोपली पुढें विकत मिळते कीं नाहीं, व दुरुस्तीची सोय आपल्या शहरांत आहे कीं पुण्यास धाडावें लागतें, हें आधींच विचारावें. तिसरें, फिरवावयाच्या खुंट्या कीं कांचेवरचे स्पर्शाचे आंकडे ? घरांत वृद्ध माणसें वापरणार असतील तर खुंट्या सोप्या. चौथें, घरांत पंख्याची विजेची भट्टी आधींच असेल, तर हें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. तेंच काम ती करिते.

विजेचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. यंत्र १५०० वॅटचें असेल, तर २० मिनिटांत फार तर अर्धा युनिट वीज लागते. ठरलेली उष्णता आल्यावर तार मधून मधून बंद होत असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहून कमीच. १५०० ला २३० नें भागिलें म्हणजे साडेसहा अँपिअर येतात. म्हणून लहान ६ अँपिअरच्या सॉकेटांत हें यंत्र लावूं नये. त्यास १६ अँपिअरचा मोठा सॉकेट पाहिजे, आणि तोही सरळ भिंतींतला, लांबवलेल्या तारेचा नव्हे. जुन्या चाळींतील व वाड्यांतील तारा बारीक असतात. तेथें प्रथम जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. ह्या एका गोष्टीकडे केलेलें दुर्लक्ष यंत्राच्या किमतीहून महाग पडूं शकतें.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते पाळिलेच पाहिजेत. यंत्राच्या मागें व बाजूंस वीतभर जागा मोकळी ठेवावी, कारण उष्ण हवा मागून बाहेर पडते. पदार्थ घालण्यापूर्वीं तीन-चार मिनिटें यंत्र तापूं द्यावें. टोपली गच्च भरूं नये; हवेस वाट न मिळाल्यास पदार्थ भाजण्याऐवजीं वाफाळतो. भाज्या धुतल्यावर पुसून कोरड्या कराव्या. अर्ध्या वेळीं पदार्थ उलटावा. कागद घालावयाचा तर त्यावर पदार्थाचें वजन असलेंच पाहिजे. रिकामा कागद उडून तापल्या तारेस चिकटतो व पेट घेतो. पापडही तसाच उडतो. त्यावर जाळी ठेवावी, नाहीं तर तो विस्तवावरच भाजावा, तेंच सोपें. टोपली निवल्यावर मऊ फडक्यानें धुवावी. तारेच्या घासणीनें लेप निघतो, आणि लेप सुटूं लागलेली टोपली काटकसर म्हणून वापरीत राहणें योग्य नव्हे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती विशेषतः पालकांसाठीं. तेल कमी झालें म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला, असें नाहीं. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले म्हणजे त्यांत ॲक्रिलामाइड नांवाचें द्रव्य तयार होतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं जाहीर केलें. प्राण्यांवरील प्रयोगांत तें कर्करोगास कारण होतें असें आढळलें आहे. हें द्रव्य कढईंत जसें होतें, तसें टोपलींतही होतें. म्हणून बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यांत भिजवून, पुसून, सोनेरी रंगावरच काढावे. तपकिरी होऊं देऊं नयेत. आणि बाजारांतील गोठविलेले तयार तुकडे बहुधा आधींच तळलेले व खारावलेले असतात. ते ह्या यंत्रांतून काढले म्हणून निर्दोष होत नाहींत. पूर्वीं जें मूल सणासुदीला तळलेलें खात असे, त्यास 'हें तर बिनतेलाचें' म्हणून रोज बटाटे मिळूं लागले, तर यंत्रानें घराचें हित केलें कीं अहित ?

म्हणून आमचें मत असें आहे. ज्या घरांत आठवड्यांतून तीन-चार वेळां कढई चढते, ज्या घरीं वडीलधाऱ्या माणसांस डॉक्टरांनीं तेल वर्ज्य करावयास सांगितलें आहे, किंवा जेथें स्वयंपाक करणाऱ्या बाईस नोकरी सांभाळून चूल सांभाळावी लागते, त्या घरास हें यंत्र खरोखर उपयोगी आहे. त्यानें तिचा शेगडीपुढचा वेळ वांचतो. ज्या घरीं तळण दिवाळीसच होतें, पापड विस्तवावर भाजतात, आणि रोजचें जेवण भाकरी, पालेभाजी, आमटी व चटणी असें आहे, त्या घरानें ह्यासाठीं हप्ते बांधून घेऊं नयेत. अशा घरास हें यंत्र जें शिकवूं पाहतें, तें तेथें आधींच पाळलें जात आहे. ते पैसे मुलांच्या पुस्तकांस, दुधास व फळांस लागतील तर अधिक सत्कारणीं लागतील. आणि ज्यांनीं तें घेतलेंच आहे, त्यांनीं आठवड्यांतून एकदां तरी मुलांस टोपली भरावयास, वेळ मोजावयास व विजेचा हिशेब मांडावयास लावावें. वर्गांत शिकलेलें अभिसरण मग त्यांस वेगळें पाठ करावें लागणार नाहीं, आणि स्वयंपाक हें केवळ आईचें काम आहे, हा समजही थोडा थोडा निघून जाईल.