टीममध्ये घेताना आडनाव कशाला?

उल्हासनगर कॅम्प चारमधील सुभाष टेकडी असो, अंबरनाथचा बुवापाडा असो की बदलापूर स्टेशनबाहेरचा एखादा कट्टा असो, संध्याकाळी सातनंतर एक दृश्य हमखास दिसते. चार-पाच पोरे भिंतीला टेकून, कानात इअरफोन खुपसून मोबाईलवर अंगठे चालवत बसलेली असतात. मध्येच एखादा ओरडतो, "अरे उठव मला, नॉक झालोय!" शेजारून जाणारी म्हातारी दचकते. आमची पिढी या पोरांकडे पाहून 'वाया गेली' म्हणते आणि मोकळी होते. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण एका प्रकरणाने आम्हाला या खेळाची माहिती करून घेणे भाग पाडले.

अंबरनाथची एक माता आमच्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करून तिने पोराला मोबाईल घेऊन दिला होता. पोरगा अकरावीला. चार महिने तो तीन अनोळखी मुलांबरोबर रोज रात्री ऑनलाईन खेळत होता. खेळात तरबेज झाला म्हणून ते त्याला मान देऊ लागले. एका रात्री त्यातल्या एकाने सहज विचारले, "तुझं पूर्ण नाव काय रे?" याने भाबडेपणाने आडनावासकट सांगितले. क्षणभर शांतता. मग हसणे, मग जातीवरून शिवी आणि मग टीममधून बाहेर! त्या दिवसापासून पोरगा जेवेना, बोलेना. माउली आम्हाला विचारत होती, "दादा, मोबाईलमध्ये दिलेल्या शिवीची केस होते का हो?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी अनोळखी पोरे एकत्र येतात तरी कशी, हे समजून घेतले पाहिजे.

2000 नंतरच्या दशकात उल्हासनगरात सायबर कॅफे होते. तासाला वीस-पंचवीस रुपये देऊन पोरे 'काउंटर-स्ट्राईक' खेळत. एकाच खोलीतले संगणक तारेने जोडलेले. आपला साथीदार शेजारच्या खुर्चीवर आणि शत्रू समोरच्या रांगेत. भांडण झाले तर कॅफेवाला कान धरून बाहेर काढी. म्हणजे खेळ नवा असला तरी ओळख जुन्याच पद्धतीची, तोंडओळखीची होती.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि 2018 मध्ये 'पबजी मोबाईल' आला. एका सामन्यात शंभर खेळाडू, चौघांची एक टीम, शेवटी जी टीम उरेल ती विजयी. ज्यांच्याकडे महागडा फोन नव्हता, त्यांनी पन्नास खेळाडूंचा 'फ्री फायर' धरला. तो साध्या फोनवरही चालत असे. नवा खेळाडू एकटा आला तर खेळच त्याला तीन अनोळखी साथीदार जोडून देतो. पोरे त्यांना 'रँडम' म्हणतात. सुरुवातीच्या सामन्यांत समोरचे बरेचसे खेळाडू माणसे नसून यंत्राचेच सोंग असतात, म्हणजे 'बॉट'. त्यामुळे नवख्याला आपण मोठे शूर आहोत असे वाटू लागते. खऱ्या माणसांशी गाठ पडली की दोन मिनिटांत डोळे उघडतात!

त्याच वेळी खरी ओळख सुरू होते. नवख्याला वाट ठाऊक नसते, बंदूक कोणती घ्यावी कळत नाही. एखादा जुना खेळाडू त्याला गोळ्या देतो, मलमपट्टी देतो, पडला तर धोका पत्करून उठवायला येतो. बोलायची लाज वाटत असेल तर नकाशावर खूण करून 'इकडे शत्रू आहे' एवढे सांगता येते, माईकचीही गरज नसते. सामना संपला की फ्रेंड रिक्वेस्ट येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भेट, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप, मग कामांची वाटणी. एक पुढे घुसणारा, एक दुरून नेम धरणारा, एक मागून आधार देणारा आणि एक हुकूम देणारा. उल्हासनगरचा सिंधी मुलगा, बदलापूरचा आगरी मुलगा आणि कुठला तरी उत्तर प्रदेशातला मुलगा मोडक्यातोडक्या हिंदीत एकमेकांचा जीव वाचवतात. प्रत्येकाचे नाव त्याने स्वतःच ठेवलेले, त्याला आडनावाची शेपटी नाही.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ कामांची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. या चौघांच्या टीमकडे पाहा. येथे काम वाटले जाते, पण माणूस वाटला जात नाही. नेम ज्याचा चांगला त्याच्या हाती लांब पल्ल्याची बंदूक, मग तो कोणाच्याही पोटी जन्मलेला असो. आज हुकूम देणारा उद्या आधार देणारा होऊ शकतो. सरकारने आणि समाजाने जे करायचे ते एका खेळाने नकळत, थोड्या वेळापुरते का होईना, करून दाखवले!

पण थोड्या वेळापुरतेच. आडनाव कळले आणि टीम फुटली. खेळाच्या मैदानावर हा अनुभव आपल्याला नवा नाही. पळवणकर बाळू हे 1911 मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय क्रिकेट संघातील श्रेष्ठ गोलंदाज. त्यांच्या चेंडूवर मिळालेला विजय सर्वांना हवा होता, पण पुण्यात चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळायला 1923 उजाडले. कौशल्य हवे, माणूस नको, ही रीत मैदानातून मोबाईलमध्ये आली एवढेच.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. केस होते का? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1)(आर) आणि (एस) प्रमाणे लोकांच्या नजरेसमोरील ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा जातीवाचक शिवी देणे हा गुन्हा आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात 2020 मध्ये सांगितले. उलट इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितीतील अपमान हा लोकांसमोरचाच आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. चौघांच्या व्हॉईस चॅटमधील शिवी या दोन टोकांच्या मध्ये पडते. ऐकणारे आणखी दोघे परके होते, हा आमच्या बाजूचा मुद्दा. पण आवाज हवेत विरला, हा समोरच्या बाजूचा मुद्दा.

म्हणून पुरावा महत्त्वाचा. स्क्रीन रेकॉर्डिंग, तारीख-वेळ, शिवी देणाऱ्याचा खेळातील आयडी क्रमांक हे सारे जपून ठेवावे आणि खेळातच तक्रार नोंदवावी. असा पुरावा न्यायालयात टिकायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्या पोराकडे यातले काहीच नव्हते. शिवाय शिवी देणाराही बहुधा सोळा-सतरा वर्षांचाच असावा. तसे असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तो जन्मतः ही शिवी शिकला नाही. त्याच्या घरात ती शिकवणारे कोणी तरी मोठे माणूस बसलेले आहे. ते मात्र कोणत्याही कलमात सापडत नाही!

काही जण म्हणतील, खेळच बंद करा. ते करून झाले. 2019 मध्ये अकरा वर्षांच्या मुलाच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदीसाठी याचिका झाली. त्याच वर्षी राजकोट पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने पबजीसह 118 ॲपवर बंदी घातली. 2021 मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने आला, 2022 मध्ये हटवला गेला आणि 2023 मध्ये अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून परतला. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यताच दिली. म्हणजे अनोळखी पोरांच्या भेटी थांबणार नाहीत. त्या भेटीत आपली पोरे कशी उभी राहतील, एवढेच आपल्या हाती आहे.

धोके आणखीही आहेत. मुलीचा आवाज ऐकला की काही जण घाणेरडे बोलतात. म्हणून कित्येक मुली माईक बंद ठेवूनच खेळतात, म्हणजे टीममध्ये असूनही मुक्या! कोणी गोड बोलून ओटीपी मागतो, कोणी फोटो मागतो. अल्पवयीन मुलांच्या लैंगिक छळासाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे आणि पैशाच्या फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक आहे. पण मार खाण्याच्या भीतीने पोरे घरी काहीच सांगत नाहीत. तो मोबाईल हिसकावून घेण्याची आपली धमकीच फसवणाऱ्याच्या कामी येते.

त्या माउलीला आम्ही खरे तेच सांगितले. पुराव्याविना केस उभी राहणे कठीण आहे. मग आम्ही पोराशी बोललो. आडनाव लपव, असे आम्ही त्याला सांगितले नाही. कधीही सांगणार नाही! लपवायचे त्याने काय केले आहे? आम्ही त्याला एवढेच म्हटले, की विचारणाऱ्यालाच उलट विचार, "टीममध्ये घेताना आडनाव कशाला लागतं?" पोरगा प्रथमच किंचित हसला.

बांधवांनो, विहारात येणाऱ्या तरुणांना आपण इतिहास सांगतो, तो सांगितलाच पाहिजे. पण त्याच तरुणांना एकदा जवळ बसवून विचारा, काल रात्री तुझ्या टीममध्ये कोण कोण होते? कोणी काही बोलले का? घरीही विचारा, रागावून नव्हे, शेजारी बसून. आपल्या पोराच्या तीन साथीदारांची नावे ज्या आईबापांना ठाऊक असतील, त्यांचे पोर पडले तर एकटे पडणार नाही.