चौकट नसलेले चित्र

तुमच्या वर्गात भिंतीवर एखादे चित्र किंवा नकाशा टांगलेला असेल. त्याला चार बाजू असतात. मान थोडी वळवली की चित्र संपते आणि भिंत दिसू लागते. पण मान वळवली, पाठ फिरवली, वर आभाळाकडे पाहिले, तरीही जे संपत नाही असे चित्र असू शकेल काय? तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात असे एक चित्र आहे. ते पाहणारा माणूस चित्रासमोर उभा राहत नाही, चित्राच्या मधोमध उभा राहतो.

या जागेचे नाव ‘पॅनोरमा १४५३ इतिहास संग्रहालय’. ते २००९ साली लोकांसाठी खुले झाले. नावातील १४५३ हे वर्ष तुमच्या ओळखीचे असेल. त्या वर्षी उस्मानी सुलतान दुसरा मुहंमद याने हे शहर जिंकले. उर्दू पुस्तकांतून तुम्ही त्याला सुलतान मुहंमद फातेह म्हणून ओळखता आणि शहराला कुस्तुनतुनिया म्हणता. इतिहासाच्या मराठी पुस्तकांत त्याच शहराला कॉन्स्टँटिनोपल म्हटलेले आढळते. नावे तीन, शहर एकच.

या पुस्तकांत ती घटना बहुधा एकाच वाक्यात येते. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, खुश्कीचा व्यापारी मार्ग अवघड झाला आणि युरोपातील लोक भारताकडे येणारा समुद्रमार्ग शोधू लागले. परीक्षेसाठी एवढे पुरते. पण या वाक्यात शहर जसे चुटकीसरशी पडते तसे ते पडले नव्हते. ६ एप्रिल १४५३ पासून २९ मे पर्यंत, म्हणजे त्रेपन्न दिवस वेढा चालला होता.

एवढे दिवस का लागले? कारण शहराचा तट. हे शहर तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. जमिनीकडच्या एकाच बाजूला पाचव्या शतकात रोमन बादशहा थिओडोसियस दुसरा याच्या काळात तट उभारला गेला. आधी सुमारे वीस मीटर रुंद खंदक, मग बाहेरचा तट, त्यामागे मोकळी जागा आणि शेवटी सुमारे बारा मीटर उंचीचा आतला तट. एक अडथळा ओलांडला की दुसरा तयार. हजार वर्षे या तटाने अनेक सैन्ये परत पाठवली. १४५३ मध्ये मात्र आत फक्त सात-आठ हजार लढवय्ये उरले होते. बाहेर साठ ते ऐंशी हजार सैन्य असावे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. सुलतानाचे वय तेव्हा फक्त एकवीस वर्षांचे होते.

सुलतानाजवळ एक नवी वस्तू होती: प्रचंड तोफ. ऑर्बान नावाचा एक हंगेरीकडचा कारागीर तोफा ओतण्यात निष्णात होता. तो आधी शहराच्या बादशहाकडे, अकराव्या कॉन्स्टंटाइनकडे, गेला होता. बादशहाच्या खजिन्यात त्याला द्यायला पुरेसा पैसा नव्हता. मग तो सुलतानाकडे आला. त्याने एदिर्ने शहरात सुमारे आठ मीटर लांबीची तोफ ओतली. ती ओढायला साठ बैल लागले. तिचा दगडी गोळा अर्ध्या टनाहून जड होता. एवढी तोफ भरायला आणि थंड व्हायला वेळ लागे, म्हणून दिवसाला जेमतेम सात बार निघत. रात्री शहरातले लोक पडलेल्या भागात लाकडे, दगड आणि मातीने भरलेली पिंपे रचून खिंडार बुजवत. सकाळी पुन्हा तोफा सुरू होत. वेढ्यातले बरेच दिवस असेच गेले.

समुद्राकडून हल्ला करावा, तर शहराला लागून असलेल्या खाडीच्या तोंडाशी लोखंडी साखळी ताणलेली होती. उर्दूत या खाडीला शाख-ए-जर्रीं म्हणतात. २२ एप्रिल रोजी सुलतानाने सुमारे सत्तर गलबते जमिनीवरून, चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून ओढत, टेकडी ओलांडून खाडीत उतरवली. साखळी जागच्या जागी राहिली आणि गलबते आत आली. या एका गोष्टीवर वेगळा धडा लिहिता येईल, पण आपल्याला संग्रहालयाकडे जायचे आहे.

संग्रहालय आहे त्या भागाचे नाव तोपकापी. तुर्की भाषेत ‘तोप’ म्हणजे तोफ आणि ‘कापी’ म्हणजे दरवाजा. आपण उर्दूत तोप म्हणतो, मराठीत तोफ म्हणतो, तो हाच शब्द. (याच नावाचा प्रसिद्ध राजवाडाही इस्तंबूलमध्ये आहे. तो येथून दूर, समुद्राजवळ आहे. प्रवाशांची यात नेहमी गल्लत होते.) शब्दांबरोबर कारागीरही आपल्याकडे आले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १५४९ साली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली. ती आज विजापूरला पाहायला मिळते. ती ओतणाऱ्याचे नाव मुहंमद बिन हुसेन रूमी. ‘रूम’ म्हणजे त्या काळच्या बोलीत उस्मानी मुलूख.

तोपकापीच्या दरवाजासमोरच ऑर्बानची मोठी तोफ लावलेली होती आणि तट फुटला तो याच बाजूला. म्हणजे ज्या जागी घटना घडली, तेथेच तिचे चित्र उभे केले आहे. जुना तट अगदी जवळ आहे.

आता आत जाऊ या. प्रथम अंधाऱ्या वाटेने जिना चढावा लागतो. ही वाट उगीच अंधारी ठेवलेली नाही. बाहेरचा उजेड, रस्ता, मोटारी, घरे यांची आठवण डोळ्यांतून पुसली जावी म्हणून ती तशी असते. जिना संपला की तुम्ही एका गोल चौथऱ्यावर येता आणि एकदम उजेडात, उघड्या मैदानात आल्यासारखे वाटते. चारी बाजूंना सैन्य, समोर फुटलेला तट, धूर, शिड्या, पांढऱ्या घोड्यावर सुलतान आणि वर ढगांचे आभाळ. उस्मानी लष्करी बँडचे नगारे, तोफांचे आवाज, घोड्यांचे खिंकाळणे कानांवर येते. दिवस २९ मे १४५३, वेळ सकाळची.

प्रत्यक्षात तुम्ही एका घुमटाखाली उभे असता. त्याचा व्यास ३८ मीटर आहे. त्याच्या आतल्या अंगावर हे चित्र आहे आणि त्यात सुमारे दहा हजार आकृत्या आहेत. आठ चित्रकारांनी २००५ ते २००८ या काळात ते काम केले.

डोळा फसतो कसा? एखादी वस्तू किती दूर आहे हे आपण अनेक खुणांवरून ठरवतो. जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना थोडी निराळी दिसते, त्यावरून मेंदू अंतर काढतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे ही मदत किती मोठी आहे ते कळेल. वस्तू दूर गेली की ही मदत कमी होत जाते. म्हणून चौथरा भिंतीपासून बराच दूर ठेवतात. मग मेंदू दुसऱ्या खुणा पाहतो: लहान दिसणारे ते दूरचे, धूसर दिसणारे ते दूरचे, झाकले गेलेले ते मागचे. या खुणा चित्रकाराच्या हातात असतात. तिसरी युक्ती अशी की चौथरा आणि भिंत यांमधल्या जागेत खऱ्या वस्तू मांडतात. तोफा, पिंपे, गाडे, गोळे यांपैकी पुढचे पिंप हात लावता येईल असे खरे असते आणि त्यामागचे नुसते रंगवलेले असते. खरे कोठे संपले आणि रंग कोठे सुरू झाला, हे शोधताना मोठी माणसेही थबकतात. चौकट नसल्याने ‘हे चित्र आहे’ अशी आठवण करून देणारे काहीच उरत नाही.

ही कला तुर्कांनी शोधलेली नाही. रॉबर्ट बार्कर या एडिंबरोमध्ये राहणाऱ्या चित्रकाराने १७८७ साली तिचे पेटंट घेतले. ‘पॅनोरमा’ हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून बनवला आहे. त्याचा अर्थ ‘सगळे दृश्य’. पुढे शंभर वर्षे युरोपात अशा गोल इमारतींची लाट आली. सिनेमा नव्हता, त्या काळी लोक तिकीट काढून लढाया पाहायला येत.

पण ‘सगळे दृश्य’ म्हणजे खरोखर सगळे काय? इस्तंबूलच्या त्या चौथऱ्यावर उभे राहून एक प्रश्न स्वतःला विचारा: मी कोठे उभा आहे? उत्तर सोपे आहे. तुम्ही तटाच्या बाहेर, सुलतानाच्या सैन्यात उभे आहात. तटाच्या आतले तुम्हांला दिसत नाही, मान कितीही फिरवली तरी दिसत नाही. आत निकोलो बार्बारो नावाचा व्हेनिसचा एक वैद्य होता. त्याने वेढ्याची रोजनिशी लिहिली. तुर्सुन बेग हा उस्मानी बाजूचा लेखक होता, त्यानेही या विजयाचा इतिहास लिहिला. दोन्ही वाचल्यावरच ती सकाळ पुरती कळते. शहर पडल्यावर लूट झाली, हजारो माणसे कैद झाली. पुढे सुलतानाने ओस पडलेल्या शहरात मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी अशा सर्वांना आणून वसवले आणि १४५४ साली ग्रीक ख्रिस्ती लोकांचा धर्मगुरू गेनादियोस याला त्याच्या पदावर बसवले. या दोन्ही गोष्टी घडल्या. पण चित्रात एकच सकाळ आहे, तीही एका बाजूने पाहिलेली.

तटावर निशाण रोवणाऱ्या उलुबातच्या हसनचेही असेच आहे. तुर्कस्तानात लहान मुलांनाही त्याचे नाव ठाऊक असते. पण त्या दिवशी हजर असणाऱ्यांच्या लेखनात हे नाव नाही. ते सुमारे शंभर वर्षांनंतर तयार झालेल्या एका ग्रंथात येते. हसन नव्हताच असे यावरून म्हणता येत नाही. तो पाहिलेला नसून ऐकलेला आहे, एवढेच म्हणता येते. रंगात मात्र पाहिलेले आणि ऐकलेले सारखेच ठसठशीत दिसते.

तुम्ही म्हणाल, विजय आपल्या आवडीच्या सुलतानाचा आहे, मग कोठे उभे राहिलो याची चिंता कशाला? तर आता आपल्या देशातली गोष्ट ऐका. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टणचा तट फोडला आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. पुढच्याच वर्षी, १८०० साली, लंडनमध्ये त्या हल्ल्याचे भव्य चित्र लोकांपुढे मांडले गेले. ते सुमारे १२० फूट लांब होते आणि प्रेक्षकांभोवती अर्धगोल वळवलेले होते. चित्रकाराचे नाव रॉबर्ट कर पोर्टर. तो विशी ओलांडलेला तरुण होता आणि त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. लंडनची गर्दी तिकीट काढून आत येई आणि उभी राही ती तटाच्या बाहेर, इंग्रज सैन्यात. त्यांनाही धूर दिसला, खिंडार दिसले, आपले शूर अधिकारी दिसले. श्रीरंगपट्टणच्या घरांत त्या दिवशी काय चालले होते ते त्यांना दिसले नाही. ते मूळ चित्र आज उरलेले नाही, पण त्यावरून केलेली छापील चित्रे आहेत. ती पाहताना तुम्हांला जे वाटेल, तेच एखाद्या ग्रीक मुलाला इस्तंबूलच्या चौथऱ्यावर वाटत असेल.

सगळ्याच पॅनोरमांत विजेत्यांच्या बाजूने उभे राहावे लागते असे मात्र नाही. स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न शहरात १८८१ सालचे एक गोल चित्र आहे. एदुआर कास्त्र हा त्याचा मुख्य चित्रकार. १८७१ च्या हिवाळ्यात फ्रान्सचे एक हरलेले सैन्य, सुमारे ८७ हजार माणसे, सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडच्या आश्रयाला आले. चित्रात बर्फ आहे, थकलेले घोडे आहेत, खाली टाकलेल्या बंदुकांचे ढीग आहेत आणि सैनिकांना मदत करणारे गावकरी आहेत. कास्त्र स्वतः रेड क्रॉसचा स्वयंसेवक म्हणून त्या सैन्याबरोबर होता. माझ्या मते, या दोन चित्रांतले कोणते अधिक भव्य हे विचारण्यापेक्षा ही दोन्ही शेजारी ठेवून पाहणे अधिक चांगले.

इस्तंबूलच्या संग्रहालयातून बाहेर आले की खरा तट समोर येतो. काही बुरूज ढासळलेले, काही अलीकडे दुरुस्त केलेले, आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या खंदकाच्या जागेत भाजीचे मळे. या तटासह इस्तंबूलचा जुना भाग १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तोपकापीच्या दरवाजातून लोक रोज ये-जा करतात. त्यांच्याबरोबर आत जाऊन मागे वळले की तटाची ती बाजू दिसते, जी घुमटाखालच्या चित्रात नाही.