पांढरं की पाणी?

“काही तक्रार आहे का?” असं विचारलं की बाई “नाही” म्हणते. म्हणून या सिस्टरांनी तो प्रश्न सोडूनच दिला आहे. वजन झालं, बीपी झालं, बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, की त्या बाईला पडद्याआड टेबलावर घेतात. बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे ते चाचपता चाचपता, तिच्या तोंडाकडे न बघता विचारतात, “निकर दिवसातून कितीदा बदलावी लागते गं?”

याला “नाही” म्हणता येत नाही. “दोनदा” असं काहीतरी उत्तर येतं. मग ओली होते म्हणून बदलतेस की वास येतो म्हणून? खाज? लघवीला आग? परकरापर्यंत येतं का? मध्येच “लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नको बरं” असं एखादं निरुपद्रवी वाक्य. बाहेर बाकावर सासू बसलेली असते आणि पडद्याला कान नसले तरी सासूला असतात, म्हणून सगळं खालच्या आवाजात.

हे प्राथमिक आरोग्य केंद्र पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातलं. तारीख ९. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांना डॉक्टर तपासतात. त्यामुळे बाकं सकाळीच भरलेली. कारखान्यांचं गाळप जोरात आहे, त्यामुळे गावातल्या सुनांच्या जोडीला तळावरच्या कोप्यांतून आलेल्या बीडकडच्या बायाही आहेत. त्यांना आशाताई जवळजवळ फडातून उठवून आणते. एक दिवस कोयता थांबला की खाडा पडतो आणि मुकादम तो हिशेबात धरतो. या बायांना अंगावर काढायची हौस नसते, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिलटकरीण, सहावा महिना. “लई पांढरं जातंय” म्हणून धास्तावलेली. यानं हाडं झिजतात असं आईनं सांगितलंय. सिस्टर कापसाचा बोळा उजेडात धरून बघतात : पातळ, दुधाळ, वास जवळजवळ नाही. “काही झालेलं नाही तुला. हे जायलाच पाहिजे.” गरोदरपणी इस्ट्रोजेन वाढतं, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथी जास्त पाझरतात. हा स्राव आम्लधर्मी असतो आणि जंतूंना वर चढू देत नाही. दिवस भरत येतील तसा तो वाढतोच. हाडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मग सिस्टरांचा आवाज पहिल्यांदा चढतो, “आतून धुवायचं नाही. तुरटी नाही, डेटॉल नाही, काही नाही. बाहेरून साधं पाणी.” सुती निकर वापर आणि उन्हात वाळव, असंही सांगतात. ते ऐकताना मला तळावरचा एकुलता पाण्याचा टँकर आठवतो. सल्ला बरोबर असतो, तो पाळायला पाणी आणि आडोसा लागतो.

पांढरं जाण्याला आपल्याकडे दोन टोकांची वागणूक मिळत आली आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे दुर्लक्षाचं टोक. दुसरं टोक बीडचं. पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. मधली वाट म्हणजे नीट विचारणं आणि नीट बघणं. ती कोणाला फायद्याची नाही, बाई सोडून.

बघण्याचं काम डॉक्टर मॅडमचं. दिव्याची मान वळवून त्या स्पेक्युलम घालतात. पुढच्या बाईच्या योनीच्या भिंतींना दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसं पांढरं चिकटलेलं आहे, आजूबाजूची त्वचा लाल. खाजेनं तिची झोप गेली आहे. ही बुरशी, कॅन्डिडा. गरोदरपणी ती सहज होते. उपाय साधा : क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री योनीत ठेवायची. पण तिनं मेडिकलवाल्याकडून आधीच तोंडानं घ्यायची गोळी आणली आहे. फ्लुकोनॅझोल. मॅडम ती पुडी काढून घेतात, गरोदरपणी ती देत नाहीत. कपाटात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, रंगीत पाकिटांपैकी हिरवं पाकीट आहे, योनीस्रावासाठीचं, त्यातही हेच औषध असतं. म्हणून पोटुशी बाई असेल तर कपाट तिथंच बंद. “हे परत परत होतंय का?” हो म्हटल्यावर मॅडम कार्डावर साखरेची तपासणी लिहितात.

तिसरीला खाज नाही, वास आहे. करडा, पातळ स्राव. मॅडम काचपट्टीवर थेंब घेऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात आणि पट्टी नाकाजवळ नेतात. शिळ्या मासळीचा भपकारा माझ्यापर्यंत येतो. हा नेहमीच्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा प्रकार. त्रास किरकोळ वाटतो, पण अशा बायांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त आढळतं, म्हणून तक्रार असेल तर औषध द्यायचंच. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव असता तर ट्रायकोमोनास. तिथं खरी पंचाईत औषधाची नसून नवऱ्याची असते. “त्यांना कुठं काय झालंय?” असं बायको विचारते. त्याला काही जाणवत नसतं, तरी त्यानं गोळी घेतली नाही तर ती बरी होऊन पुन्हा तिथंच येते. पिवळा पू आणि ओटीपोटात दुखणं असेल तर आणखी तपासण्या. तो संसर्ग जन्मताना बाळाच्या डोळ्यांत उतरू शकतो.

रक्ताबाबत इथं चर्चा होत नाही. डाग दिसला तरी या, दुखत नसलं तरी या. न दुखता लाल रक्त जाणं हे वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी सोनोग्राफी झाल्याशिवाय आत बोटसुद्धा घालायचं नाही. पोट दगडासारखं कडक होऊन दुखत असेल तर त्याहून घाई.

आता कोपीवरची बाई. तेहतिसावा आठवडा. तिचीही तक्रार “पांढरं जातंय” हीच. निकरचा प्रश्न आला. “बदलून काय उपेग? परकर मागून भिजतोय.” सिस्टरांचा पोटावरचा हात थांबला. “बसून उठलीस की भसकन येतं?” “व्हय.” “लघवी धरून ठेवलीस तर थांबतं?” “न्हाई, ते आपलं आपण येतं.” बाहेरून सासू म्हणाली, “मूतच हाय ते, बाळाचा भार पडतोय.” तसं होतंही. शेवटच्या महिन्यांत खोकताना-शिंकताना लघवी सुटते. म्हणून अंदाजावर सोडायचं नाही. कोरडा, पांढरा पॅड लावून तिला तासभर कुशीवर झोपवलं. काढला तेव्हा तो जड झाला होता, रंग नाही, लघवीचा वास नाही.

मॅडमनी बोटानं तपासणी केली नाही. पाणी गेल्याची शंका असताना बोट आत गेलं की जंतू आत जातात. निर्जंतुक स्पेक्युलम घातला, म्हणाल्या, “खोक.” ती खोकली आणि गर्भाशयाच्या तोंडातून पाणी ओघळताना दिसलं. मग पीएच बघायची पिवळी पट्टी. योनीचा पीएच ३.८ ते ४.५, गर्भजलाचा ७ च्या आसपास. पट्टी गडद निळी झाली. रक्त किंवा वीर्यानंही ती निळी होते, त्यामुळे मॅडमचा भरवसा खोकल्यावर जास्त. पाणी स्वच्छ होतं. हिरवट असतं तर बाळानं आत शी केली असा अर्थ निघाला असता. ताप नाही, बाळाचे ठोके ठीक, कळा नाहीत.

“पाणी कधीपासून जातंय?” “काल.” सिस्टरांना हे चालत नाही. पाणमोट फुटून किती तास झाले यावर आई-बाळाला संसर्गाचा धोका ठरतो. “काल भाकरी थापायच्या आधी की नंतर?” “आधी. गाडी भरायला उठले तवा.” “गाडी किती वाजता भरता?” “पहाटे तीनला.” रेफरल चिठ्ठीवर ‘काल पहाटे ३’ असं लिहिलं गेलं. म्हणजे दिवसभर ती ओल्या परकरानं मोळ्या वाहत होती.

बाळाची फुफ्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनचा ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस इथंच दिला. बाकीचे तीन बारा-बारा तासांनी, रुग्णालयात. पॅड टाकून न देता पिशवीत घालून बरोबर दिला, तिथल्या डॉक्टरांना बघता यावा म्हणून. सासूला सिस्टर म्हणाल्या, “मावशी, तुम्ही पण चला. आणि पुढची सून असं म्हणाली तर लघवी की पाणी ते आम्हाला ठरवू द्या.” १०२ ची गाडी बोलावली, ती फुकट असते. नवऱ्याला फोन लागेना, तो फडात.

गाडी येईपर्यंत सिस्टर रुग्णालयाच्या प्रसूती कक्षाला फोन लावून बसल्या. त्यांना एकच विचारायचं होतं, नवजात अतिदक्षता कक्षात खाट रिकामी आहे का? नसेल तर गाडी सरळ जिल्ह्याला पाठवायची. तेहतीस आठवड्यांचं बाळ जन्मल्यावर एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवण्यापेक्षा ते पोटात असतानाच हलवणं केव्हाही बरं.