बोर, जोंधळा आणि लाख

गेल्या दिवाळीत आजीची बोरमाळ कपाटातून निघाली. दोन मणी चेपलेले, दोरा कुजलेला. घरात लगेच ठरलं, मोडायची आणि लेकीला नाजूक चेन करायची. ती तर मोबाइलवर वाळवंटी धाटणीच्या माळा बघत होती, मातकट मणी, बिया, राजस्थानी रंग.

सराफांनी माळ तराजूत ठेवली आणि म्हणाले, "यातली लाख वजा होईल बघा."

"दागिन्यात लाख?" लेकीने विचारलं, आणि आमची मोड तिथेच अडली.

बोरमाळेचा मणी पोकळ असतो. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात ठोकायच्या, झाळून जोडायच्या आणि आत लाख भरायची. त्यामुळे थोड्या सोन्यात मणी भरदार दिसतो, सहसा दबत नाही. लाख झडली की मात्र चेपतो, तेच आमचं झालं होतं. लाख म्हणजे एका बारीक किड्याचा राळेसारखा स्राव. हा किडा पळस, कुसुम आणि बोरीच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतो. म्हणजे बोरीवर तयार होणारी लाख बोराच्या आकाराच्या मण्यात! हे ऐकून लेकीने मोबाइल खाली ठेवला.

वाळवंट आपल्याकडे नाही, पण चिकोडी-अथणीकडचं कोरडवाहू रान आहे, आणि आपले दागिने तिथलेच वाटतात. जोंधळी पोतीचे मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढे, कोल्हापुरी साजातले जवमणी जवासारखे. कन्नड शेजारणीसुद्धा बोरमाळेला बोरमाळच म्हणतात. सोनं तोलायलाही रानातल्या गुंजाच होत्या: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. (गुंज दिसते सुंदर, पण विषारी. लहान मुलांच्या हाती देऊ नका, माळेत तर नकोच.)

मग आम्ही माळ मोडली नाही. चेपलेले मणी उघडून पुन्हा लाख भरून घेतली आणि पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात ओवून आणली. आता असे हात कमी उरलेत. सोनाराचा मुलगा बँकेत, पटवेकऱ्याचा पुण्यात. त्यांना नावं तरी कशी ठेवायची? आपणच चेन मागतो.

चांदीचं काम अजून बघायचं असेल तर निपाणीहून हुपरी जवळ आहे. तिथे घराघरांत पैंजण घडतात, आणि घरातल्या बायकाही कामाला बसतात. लेकीला घेऊन गेलो. तिने चार चांदीचे घुंगरू घेतले.

घरी आल्यावर तिने रिठे फोडले. टरफलं आजीच्या पैंजणांसाठी भिजत घातली, आणि आतल्या काळ्याभोर बियांना हातड्रिलने भोकं पाडायला बसली. बी फार टणक, पहिल्या तीन तडकल्या. संक्रांतीपर्यंत 21 बिया आणि चार घुंगरू काळ्या दोऱ्यात ओवून झाले. आजीने माळ हातात घेऊन पाहिली आणि एवढंच म्हणाली, "गाठी पटवेकऱ्याकडनं शिकून घे, या सुटतील."

ती पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.