खात्यातलं नातं

सुरतेच्या उधन्यात ‘खातं’ म्हटलं की बँक आठवायची नाही. इथे खातं म्हणजे मागांची शेड. सकाळी सातच्या सुमारास रातपाळी बाहेर पडते आणि दिवसपाळी आत शिरते. बारा तास उभा राहिलेला एक कारागीर आणि पुढचे बारा तास उभा राहणारा दुसरा, दोघांची गाठ दारातच पडते. अमक्या मागावर तार सारखी तुटतेय, तमका बीम संपत आलाय, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. न सांगता कोणी निघून गेला, तर नव्याचा तासभर दोष हुडकण्यात जातो. मजुरी मीटरवर असते, म्हणजे तो तास त्याच्याच खिशातून जातो. सहकाऱ्याबद्दलचा आदर इथे मीटरमध्ये मोजता येतो.

आत गेल्यावर बोलणं खुंटतं. मागांचा खडखडाट नव्वद डेसिबलच्या वर असतो, त्यामुळे कारभार हातवाऱ्यांवर चालतो. मुकादमाची शिवी ऐकू येत नाही म्हणतात, पण ओठ सगळ्यांना वाचता येतात.

या शेडमध्ये ओडिशातल्या गंजामचे, उत्तर प्रदेश-बिहारचे आणि खानदेशातले कारागीर शेजारी शेजारी उभे असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसांना उधना परकं नाही. जळगावहून येणारा लोहमार्ग इथेच येऊन मिळतो. पाहुण्याने पाहुण्याला आणायचं, चुलत्याने पुतण्याला मागावर उभं करायचं, अशी ही भरती. शेठ गुजराती बोलतो, कारागीर अहिराणी किंवा ओडिया, आणि मधे सगळ्यांची मोडकीतोडकी हिंदी. ‘भाई’ मात्र दोन्हीकडून लावलं जातं.

शेठ लोकांची कायमची तक्रार एकच: माणूस टिकत नाही. त्यावरचा जुना उपाय म्हणजे उचल. आगाऊ रक्कम दिली की फिटेपर्यंत माणूस हलत नाही. पण याला बांधिलकी म्हणणं जरा धाडसाचंच; बांधलेला माणूस आणि बांधिलकी मानणारा माणूस यांत फरक आहे. सुरतेचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया यांनी दिवाळीत कारागिरांना मोटारी आणि फ्लॅट दिले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. मागावरच्या माणसाच्या अपेक्षा त्यामानाने अगदीच किरकोळ असतात: प्यायला गार पाणी, वेळेवर हिशोब आणि हातात एखादा कागद. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नियुक्तिपत्र सक्तीचं केलं आहे. तोंडी शब्दावर चाललेल्या धंद्यात हा लहान बदल नव्हे.

शब्दाची किंमत 2020 च्या टाळेबंदीत कळली. माग थांबले, अनेकांची मजुरी अडकली आणि एप्रिल-मे महिन्यांत सुरतेचे कामगार पगारासाठी, गावी जाण्यासाठी रस्त्यावर उतरले.

याच गुजरातेत वेगळा धडाही घालून दिलेला आहे. 1918 मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते, कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन आणि गांधीजी. वाद अखेर पंचाकडे गेला. त्यातूनच 1920 मध्ये मजूर महाजन संघ उभा राहिला आणि भांडणं लवादाने सोडवायची रीत पडली. उधन्यासारख्या विखुरलेल्या मागधंद्यात त्या तोडीचं काही रुजलं नाही. इथे पंच म्हणजे बहुतेकदा मुकादमच, आणि तो शेठचा माणूस.

बायकांचं काम आणखी आडोशाला चालतं. साडीवरचे धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, तेही घरी बसून, नगावर. लहान कारखान्यात काम करणाऱ्या बाईला 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचा आधार आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. ही समिती असते हेच कित्येकींना ठाऊक नसतं.

हिशोबाच्या दिवशी दोन वह्या समोरासमोर येतात: मुकादमाची लांबलचक, आणि कारागिराची घामाने मऊ पडलेली खिशातली डायरी. समजूतदार खातेदार दोन्ही शेजारी ठेवून मीटर मोठ्याने वाचतो. चैत्र लागला की तोच विचारतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी किती जण जाणार? नावं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतो आणि मगच नव्या ऑर्डरला होकार देतो.