गोणी रिकामी, बारदान बाहेर

एका कविसंमेलनात माझी कविता झाल्यावर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, ‘कविता छान, पण तेवढा ‘दुनिया’ शब्द काढा. मराठी नाही तो.’ मी हसून दाद दिली; पण नेरुळला परतताना लोकलमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या घरात माधव जूलियनांचा ‘फार्सी-मराठी कोश’ आहे, १९२५ सालचा. (पुढे माधवराव स्वतःच भाषाशुद्धीचे कैवारी झाले, ही गंमत वेगळी.) मनात आले, त्यातले कोणते शब्द आजची मराठी अजून वापरते, हे वाद न घालता मोजूनच पाहावे.

मोजायचे कशात? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातले सगळे लेख एका फाइलीत बांधलेले असतात आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ही फाइल एक्सएमएल पद्धतीची. एक्सएमएल म्हणजे खुणा केलेला मजकूर. कोनी कंसात ‘पेज’ लिहिले की लेख सुरू झाला. तिरकी रेघ देऊन पुन्हा ‘पेज’ लिहिले की संपला. त्याच्या पोटात ‘टायटल’मध्ये शीर्षक, ‘टेक्स्ट’मध्ये मजकूर. डब्यात डबा. १९९८च्या फेब्रुवारीत ही पद्धत प्रमाण म्हणून जाहीर झाली. आपण वर्डमध्ये जे पत्र लिहितो, त्याची फाइलसुद्धा आजकाल आतून हीच असते.

मी फाइल उतरवली, उलगडली आणि तिच्यावर टिचकी मारली. माझा जुना संगणक पाच मिनिटे घरघरला आणि गप्प झाला. शेजारी उघडी असलेली एक अर्धी कविताही त्याच्याबरोबर गेली.

धाकटी मुलगी ऐरोलीला संगणकाच्या कामावर जाते. रात्री आल्यावर तिने पाहिले आणि म्हणाली, ‘अब्बा, तुम्ही अख्खा ट्रक गाळ्यात ओतलात.’

तिने हा दाखला मुद्दाम निवडला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी बरीच वर्षे हिशेब लिहिले आहेत. ट्रक आला की माथाडी एकेक गोणी पाठीवर घेतो. गोणी वजनाला लागते, मी वहीत आकडा टाकतो, माल पुढे जातो. दिवसाला किती का ट्रक येईनात, गाळा तेवढाच पुरतो. संगणकाचेही तसेच. सोपी रीत अशी, की फाइल पूर्ण वाचायची आणि तिचे खोड, फांद्या, पाने असे सगळे झाड आठवणीत उभे करायचे. लहान फाइलीला ही रीत उत्तम. पण झाड फाइलीच्या कितीतरी पट जागा खाते. इंग्रजी विकिपीडियाची अशी फाइल उलगडली की नव्वद जीबीच्या पुढे जाते. ते झाड कोणाच्या घरात मावणार?

तिने पायथन भाषेत दहा-पंधरा ओळींचा कार्यक्रम लिहिला. पायथन हे नाव सापावरून नव्हे, मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींवरून पडले आहे. पहिली रीत होती सॅक्स, तीही १९९८चीच. तिच्यात संगणक फाइल वाचत जातो आणि नुसता पुकारा करतो: लेख सुरू झाला, मजकूर आला, लेख संपला. रेडिओसारखेच. बोललेले गेले, मागे वळता येत नाही. टिपायचे काय, ते आधी ठरवून बसायचे.

पण गणती चुकली. ‘तालुका’ कुठे ‘ता’ आणि ‘लुका’ होऊन आला होता. कारण फाइल घासाघासाने वाचली जाते आणि घास शब्दाच्या मध्येच तुटतो. अक्षराच्याही मध्ये तुटतो. देवनागरीचे एकेक अक्षर संगणकात तीन बाइट अडवते. तुटलेले अक्षर वाचणारा कार्यक्रम स्वतः सांधतो, शब्द मात्र आपण सांधायचा.

म्हणून तिने दुसरी रीत घेतली, आयटरपार्स. २००६पासून ती पायथनबरोबरच मिळते. इथे ‘पेज’ संपल्याची खूण आली की पूर्ण लेख जोडून हाती येतो. संपल्याचीच खूण हवी. सुरू झाल्याच्या खुणेला हात घातला तर आत मजकूर असेलच असे नाही. मोजून झाले की लेख रिकामा करायचा. तोही ‘पेज’ संपल्यावरच. ‘टेक्स्ट’ संपताच रिकामा केला, तर पुढे पाहायला पोकळ लेख उरतो.

एवढे करूनही आठवणीचा आकडा हळूहळू चढतच होता. मुलगी चक्रावली. या वेळी दाखला मला सुचला. म्हटले, ‘गोणी रिकामी केलीस, पण बारदान कुठे टाकतेस?’ नेमके तेच होते. मजकूर गेला, तरी प्रत्येक लेखाचे रिकामे पोते फाइलीच्या मुळाला लटकलेलेच राहते. हजारो पोत्यांनी गाळा भरणारच. तिने मूळही दर लेखानंतर साफ करणारी एक ओळ घातली आणि आकडा एका जागी थांबला. शिवाय फाइल उलगडून ठेवायचीही गरज नव्हती; पायथन बांधलेल्या फाइलीतूनच थोडेथोडे सोडवत वाचतो.

चहा होईस्तोवर यादी आली. सगळ्यात वर ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’, दोन्ही मूळचे अरबी. मी खूश! पण मुलीने विचारले, ‘हे इतके का?’ पाहिले तर गावांवरचे छोटे छोटे लेख, एकाच साच्याचे: अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यातले एक गाव. ती साच्याची भर होती, भाषेची नाही. अशी यादी त्या गृहस्थांना पाठवणे खोटेपणाचे झाले असते. उलट ‘जिल्ह्यात’, ‘तालुक्याला’ ही रूपे आम्ही अजून धरलीच नव्हती.

गावांचे लेख वगळायला आणखी दोन ओळी लागतील म्हणाली. रविवारी तिला सुट्टी असते.